एक लाखाच्या आत वन्यजीव फोटोग्राफीसाठी कोणता कॅमेरा घ्यावा?

तुमच्या प्रश्नात तीन पर्याय आहेत. दुकानदार सुचवतोय ती नवी बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि सोबत १८-५५ व ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स. मित्र सांगतोय तो निकॉनचा प्रचंड झूमवाला पी१०००. आणि तिसरा तुमचा स्वतःचा विचार, की थोडं थांबून फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या चिपचा) कॅमेराच घ्यावा का. बजेट एक लाख, राहायला पुण्यात, जानेवारीत पक्ष्यांसाठी भिगवण आणि मे महिन्यात वाघासाठी ताडोबा ठरलंय, आजवर सगळे फोटो मोबाइलवर काढलेत. एवढ्यावर माझं उत्तर सरळ आहे: तिन्ही घेऊ नका. चांगली राखलेली सेकंडहँड क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेली, बॉडी घ्या आणि बजेटचा मोठा वाटा ५०० मिमीपर्यंत जाणाऱ्या लेन्सवर घाला. नाव घेऊन सांगायचं तर निकॉन डी७५०० आणि निकॉनचीच २००-५०० एफ/५.६ (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका लेन्स उजेड जास्त घेते).

बहुतेक जण आधी बॉडी ठरवतात आणि उरलेल्या पैशांत मिळेल ती लेन्स घेतात. पाळीव प्राण्यांचे, लग्नाचे फोटो काढायचे असतील तर ते चालून जातं, कारण तिथे दोन पावलं पुढे जाता येतं. ताडोब्यात जिप्सीतून खाली उतरता येत नाही आणि खंड्या तुमच्या सोयीने जवळच्या फांदीवर येऊन बसत नाही. अंतर तुमच्या हातात नसतं, म्हणून लेन्स आधी.

याचा हिशेब एकदा स्वतः करून बघा, म्हणजे कुठल्याही दुकानात कुणी गोंधळात पाडू शकणार नाही. सेन्सरची रुंदी गुणिले अंतर भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेले मिमी). जे उत्तर येतं तेवढ्या रुंदीचं दृश्य फ्रेममध्ये मावतं. निकॉनच्या क्रॉप सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मिमी. समजा खंड्या २० मीटरवर बसलाय. २५० मिमी लेन्सने फ्रेममध्ये जवळपास १ मीटर ८८ सेंटिमीटर रुंदीचं दृश्य येईल, आणि त्यात खंड्या असतो चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १६ सेंटिमीटर. म्हणजे फ्रेमच्या बाराव्या हिश्शाएवढा. तीच जागा, तोच पक्षी, ५०० मिमी लेन्स लावली की दृश्य ९४ सेंटिमीटरवर येतं आणि पक्षी सहाव्या हिश्शाएवढा दिसतो. डी७५०० चा फोटो आडवा ५५६८ पिक्सेलचा असतो. त्यातले साडेनऊशेच्या आसपास पिक्सेल खंड्याच्या वाट्याला येतात. एवढ्यावर डोळ्यातली चमक दिसते, पिसांची रचना दिसते. २५० मिमीवर याच्या निम्मे मिळतात, आणि मग क्रॉप करून मोठा केला की निळा-नारिंगी ठिपका हाती लागतो. म्हणून दुकानदाराचा दोन लेन्सचा संच तुमच्या कामाचा नाही. वाघासाठी २५० मिमी कधीकधी पुरते, कारण वाघ मोठा आणि रस्त्यालगत आला तर जवळ असतो. पक्ष्यांसाठी ती कधीच पुरत नाही.

फुल फ्रेमचंही याच हिशेबाने बघा. सेन्सर ३६ मिमी रुंद, त्यामुळे त्याच ५०० मिमी लेन्सने २० मीटरवर १ मीटर ४४ सेंटिमीटर दृश्य येतं आणि पक्षी लहान होतो. क्रॉप बॉडीइतका मोठा हवा असेल तर ७५० मिमी लागेल. फुल फ्रेमचा कमी उजेडातला फायदा खरा आहे, पण त्याला साजेशा लांब आणि एफ/४ किंवा एफ/२.८ अशा उजेड घेणाऱ्या लेन्सच्या किमती कित्येक लाखांत आणि वजन कित्येक किलोंत जातं. तुमच्या बजेटमध्ये तो रस्ता नाही, आणि तुम्हाला त्याची आत्ता गरजही नाही.

पी१००० बद्दल तुमचा मित्र चूक नाही, फक्त त्याची गरज वेगळी असावी. १२५ पट झूम, ३००० मिमीच्या तोडीचा. दूरच्या झाडावरचा गरुड ओळखायला आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदीसोबत फोटो जोडायला तो झकास आहे. पण त्याचा सेन्सर क्रॉप सेन्सरच्या तेराव्या हिश्शाएवढा, आणि पूर्ण झूमवर उजेड आत घेणारं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/८. भर दुपारी भिगवणच्या पाण्यावर चालेल. ताडोब्यात सूर्य उगवता उगवता बांबूच्या सावलीतून वाघीण चालत आली, तर मात्र नॉईज (फोटोत दिसणारे दाणे) इतका येईल की पट्ट्यांच्या कडा विरघळतील. उडता पक्षी पकडणं तर त्यावर फारच जिकिरीचं. तुम्हाला पक्षी ओळखून वहीत नोंद ठेवायची असती, तर मीही तोच घ्या म्हटलं असतं.

अ‍ॅपर्चरचा मुद्दा जंगलात अगदी उघडा पडतो. एफ/५.६ वरून एफ/८ वर गेलात की आत येणारा उजेड निम्मा होतो. सकाळच्या पहिल्या तासात एफ/५.६, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० अशी आकडेमोड जमत असेल, तर एफ/८ च्या लेन्सला त्याच फोटोसाठी ६४०० लागतो आणि नॉईज वाढतो. २००-५०० ही लेन्स ५०० वरही एफ/५.६ च राहते, म्हणून मला ती या किमतीत सगळ्यांत योग्य वाटते. तिचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणं) चांगलं आहे, आणि ती २.२ मीटरवर फोकस करते, त्यामुळे फुलपाखरं नि चतुरही टिपता येतात. उणिवाही ऐका: वजन २.३ किलो, आणि फोकस फार चपळ नाही. पाकोळीच्या मागे ती धावू शकणार नाही. घारी, बगळे, रोहित, नदी सुरय यांच्यासाठी पुरेशी आहे.

हा जोड सेकंडहँडमध्ये नीट शोधलात तर लाखाच्या आसपास जमतो. पैसे कमी पडले तर बॉडी एक पिढी जुनी, डी७२००, घ्या. लेन्सच्या पैशांना हात लावू नका. घरात कुणाची कॅनन बॉडी पडून असेल तर सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी बघा, तीही उत्तम.

आता तुम्ही विचारलंय, की मिररलेसचा (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा) जमाना असताना डीएसएलआर का. बरोबर आहे, कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवी डीएसएलआर आणलेली नाही. पण त्याचमुळे चांगल्या बॉड्या आणि लेन्स आज स्वस्तात बाजारात येताहेत. शिवाय २००-५०० पुढे एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावून निकॉनच्या झेड या मिररलेस बॉडीवर चालते. म्हणजे बॉडी बदलली तरी लेन्समधले पैसे बुडत नाहीत. मिररलेसचा मोठा फायदा म्हणजे तो प्राण्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरून ठेवतो, आणि ही सोय खरोखर मोलाची आहे. पाठदुखी किंवा मनगटाचा त्रास असेल, तीन किलोंचं ओझं झेपणार नसेल, तर कॅनन आर१० आणि आरएफ १००-४०० घ्या. दोन्ही मिळून एक किलोच्या जरा वर. भिगवणला हा जोड आनंद देईल. फक्त ही लेन्स ४०० वर एफ/८ आहे, तेव्हा ताडोब्याच्या पहाटेसाठी वर लिहिलेलं लक्षात ठेवा. आणि उडत्या पक्ष्याला इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका, पंख वाकडे येतात. मेकॅनिकलवरच सेकंदाला १५ फोटो मिळतात, तेवढे भरपूर.

सेकंडहँड घेताना घाई अजिबात नको. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने टॉर्च तिरका धरा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण कुठल्याही वापरलेल्या लेन्समध्ये दिसतात, त्यांनी फोटोत फरक पडत नाही. पण कडेपासून आत पसरत गेलेले बारीक तंतू किंवा ढगासारखा पांढुरका डाग दिसला तर ती बुरशी. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये हे जास्त दिसतं. किंमत कितीही उतरवली तरी ती घेऊ नका. झूमची रिंग फिरवताना कुठे खरखर लागते का ते बोटांना कळतं. लागली तर आत वाळू गेलेली असते.

बॉडीवर एक जेपीजी काढून घरी आणा. निकॉनच्या फाइलमध्ये शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाल्या तो आकडा, नोंदलेला असतो. डी७५०० चं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे, तेव्हा चाळीस-पन्नास हजारांच्या आतली मिळाली तर निर्धास्त घ्या. मग एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस हलवून फोटो काढा. काळे ठिपके असतील तर सेन्सर साफ करून जातील, ओरखडे जाणार नाहीत.

शेवटची तपासणी सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती विकणारे करू देत नसतील तर परत फिरा. दहा मीटरवर वर्तमानपत्र ताणून लावा, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा कठड्यावर टेकवा, ५०० मिमी, एफ/५.६, शटर १/१०००. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून काढा, दुसरा लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. दोन्हींतली बारीक अक्षरं स्क्रीनवर मोठी करून ताडून बघा. लाइव्ह व्ह्यूचा फोटो खणखणीत आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ आला, तर लेन्स खराब नाही. बॉडीचा फोकस थोडा पुढे-मागे पडतोय. डी७५०० च्या मेन्यूत एएफ फाइन ट्यून आहे, त्याने तो जुळवता येतो. दोन्ही मऊ आले तर लेन्समध्येच दोष आहे, सोडून द्या. आणि मूळ बिल मागून घ्या.

घरी आणल्यावर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढं पुण्यालाही पावसाळ्यात लागतंच.

ताडोब्यासाठी दोन-तीन गोष्टी. जिप्सीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते. कापडी बीन बॅग रिकामी न्या, तिथे पोचल्यावर किलो-दोन किलो तांदूळ भरा आणि गाडीच्या दांडीवर टाकून त्यावर लेन्स टेकवा. गाडी थांबली की चालकाला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर थरथर फोटोत उतरते. मे महिन्यात धूळ इतकी असते की आत लेन्स बदलायचा विचारही करू नका. सुती पंचा गुंडाळून ठेवा. आणि सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून पाणवठ्याचं सगळं दृश्य टिपायला एखादा छोटा साधा कॅमेरा जवळ ठेवता आला तर बरं. कॅमेऱ्याचं शुल्क आणि नियम बुकिंग करतानाच वाचून घ्या.

भिगवणला नाव पहाटे काढा. ऊन तापलं की उजनी धरणाच्या पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि दूरचा कुठलाच पक्षी स्वच्छ येत नाही. मग कितीही महागडी लेन्स असो, काही उपयोग नाही. अशा वेळी लोक कॅमेऱ्याला दोष देत बसतात. नावेत खाली बसून, लेन्स पाण्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. रोहितांची रांग डोळ्यांच्या पातळीवर आली की फोटोच बदलतो. आणि एक कळकळीने सांगतो: थवा उडवायला नावाड्याला सांगू नका, सोबतचे सांगत असतील तर त्यांनाही अडवा. ते पक्षी तिथे पोट भरायला आलेले असतात. प्रत्येक वेळी उगाच उडवलं की त्यांचं खाणं तुटतं. आपण शांत बसलो की काही वेळाने ते स्वतःहून उडतात, तेव्हा शटर १/२००० वर तयार ठेवा. घरट्यांजवळ जाणं आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं, हेही नकोच.

जानेवारीपर्यंत मनासारखा माल मिळाला नाही तर काहीतरी घ्यायचं म्हणून घेऊ नका. पुण्यात हाच जोड दिवसाच्या भाड्याने मिळतो. भिगवण त्यावर करा, वजन झेपतं का तेही कळेल. त्याआधी एक-दोन सकाळी पुण्याजवळच्या कवडी पाटला जा. तिथे शेकाट्या, चक्रवाक, धोबी बऱ्यापैकी जवळ दिसतात. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ ऑटो, फोकस सतत चालू राहील अशा मोडवर, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल चालू, आणि फोकस पॉइंट पक्ष्याच्या डोळ्यावर. बसलेल्या पक्ष्याला १/५०० पासून सुरू करा. ताडोब्याचं गेट आणि सफारीची वेळ ठरली की खाली कमेंटमध्ये लिहा, सकाळची की दुपारची त्यावरून सेटिंग्ज वेगळी सांगेन.