तलाव बोटिंगचा असला, तरी धरण ते धरणच

प्रश्न : आमच्या प्लॉटधारक सोसायटीच्या मालकीचा बोटिंगचा तलाव आहे. मातीचा बांध बाहेरून मोजला तर १४ मीटर उंच भरतो. पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी तो ‘जास्त धोक्याच्या’ वर्गात टाकला आणि सांडव्यावरची माशांची जाळी काढायला सांगितली. बांधाला साधी भेग नाही. खालची घरंही तलावानंतर झाली. या वर्गीकरणाविरुद्ध कोर्टात जाता येईल का? – सचिव

उत्तर : सचिव महोदय, जाऊ नका. धोक्याचा वर्ग बांधाच्या तब्येतीवरून ठरत नाही. बांध फुटलाच तर खाली कोणाचं काय जाईल, यावरून ठरतो. बांध ठणठणीत असला आणि पाण्याच्या वाटेत वस्ती असली, तर वर्ग वरचाच राहणार. पुराचं पाणी कुठवर पोचेल याच्या नकाशातच चूक आहे असं तुमच्या अभियंत्याचं मत असेल, तर हिशेबासह फेरतपासणी मागा. तेवढीच वाट खरी आहे.

मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या त्या १४ मीटरची. धरण सुरक्षा कायदा, २०२१ बाहेरून दिसणारी उंची धरत नाही. पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंत मोजतो. पाया मीटरभराहून खोल गेला असेल, तर तुम्ही १५ मीटरच्या वर गेलात आणि बांध थेट ‘विनिर्दिष्ट धरण’ ठरला. मग पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करावीच लागते. आपत्कालीन कृती आराखडाही हवा, आणि जुन्या धरणांसाठी त्याची मुदत कायदा लागू झाल्यापासून, म्हणजे ३० डिसेंबर २०२१ पासून, पाच वर्षांची आहे. कायद्याखालचे निर्देश धुडकावले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यातून जीव गेले तर दोन वर्षांपर्यंत. मूळ आराखडे आजच शोधा. उंची १५ च्या आत निघाली, तरी सुरक्षेचं कर्तव्य मालकावरच राहतं.

‘घरं नंतर आली’ हा बचाव लंगडा आहे. ओढ्याच्या पात्रात बेकायदा बांधकाम असेल तर तहसीलदारांकडे जरूर तक्रार करा, पण त्याने तुमची जबाबदारी संपत नाही. १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश राजवटीतल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, मद्रास इलाख्यातल्या कार्वेटिनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटूनही त्याच्यावर दायित्व टाकलं नाही, कारण ते शेतीसाठीचे, लोकांच्या गरजेचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे तलाव होते आणि निष्काळजीपणा सिद्ध झाला नव्हता. बोटिंगच्या तलावाला ही ढाल मिळेल असं मला वाटत नाही.

आणि ती जाळी याच आठवड्यात काढा. अमेरिकेत जॉन्सटाउनच्या वर एका क्लबचा असाच हौसेचा तलाव होता. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या होत्या. ३१ मे १८८९ च्या अतिवृष्टीत त्या कचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून वाहिलं, मातीचा बांध गेला आणि २,२०९ माणसं मेली. माथा आधीच खचलेला होता, तळाचे विसर्ग नळही काढून टाकलेले होते. तरी जाळीची गोष्ट तुमच्याशी इतकी जुळते की मला झोप लागणार नाही. लेखी इशारा हातात असताना तुम्ही जाळी ठेवली आणि खाली कोणी दगावलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, लागू शकतं. ते पदाधिकाऱ्यांवर व्यक्तिशः येऊ शकतं.

विशेष सभा बोलवा, अहवाल इतिवृत्तात पूर्ण नोंदवा, दुरुस्ती निधीचा ठराव करा. तोवर पाण्याची पातळी सांडव्याच्या बरीच खाली ठेवा. अहवालाची प्रत राज्याच्या धरण सुरक्षा संघटनेला आणि खालच्या ग्रामपंचायतीला पोच घेऊन द्या. रात्रीच्या पहारेकऱ्याकडे सरपंचांचा नंबर आहे ना, हेही पाहून घ्या.