कार्बन बॅरलची हलकी शिकारी रायफल वापरताना खरंच फरक जाणवतो का?

जाणवतो, आणि सगळ्यात आधी खांद्याला! दिवसभर चढ चढल्यावर अर्धा-पाऊण किलो कमी ओझं म्हणजे काय, ते संध्याकाळी कळतं. पण झाडतानाचा धक्काही खांद्यालाच सोसावा लागतो. काडतूस तेच ठेवून रायफल ४ किलोंवरून ३ किलोंवर आणली, तर धक्क्याची ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने वाढते. मझल ब्रेक (बॅरलच्या तोंडाशी बसवायचा, वायू बाजूला वळवणारा भाग) लावून धक्का कमी होतो, पण आवाज कानठळ्या बसवतो. कानाचं संरक्षण हवंच.

बॅरल पूर्ण कार्बनची नसते. आत पातळ स्टील, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, म्हणजे पीळ, त्यातच, आणि वरून राळेत बसवलेले कार्बनचे धागे. त्यामुळे जाड स्टीलसारखा ताठपणा कमी वजनात मिळतो. बारीक स्टील बॅरलशी तुलना केलीत, तर वजनातला फायदा जवळजवळ उरत नाही.

उष्णतेबाबत मात्र सावध राहा. सलग सात-आठ गोळ्यांनंतर मी बॅरलच्या मधोमध हात लावला, तर ती कोमट होती. चेंबरजवळच्या, म्हणजे काडतूस बसतं तिथल्या, उघड्या स्टीलला बोट लागलं आणि चटका बसला. कार्बनच्या थरातून उष्णता सावकाश बाहेर पडते, म्हणून बाहेरून गार लागली तरी आत झीज चालूच असते. तीन गोळ्या झाडा, मग थांबा.

आणखी एक, हलकी रायफल नेम धरताना जास्त डुलते. शिकारीआधी बसून, गुडघ्यावर, टेकू लावून असा भरपूर सराव करा. माझा स्वतःचा नेम बसायला एक अख्खा हंगाम गेला.