थंडी म्हणजे घड्यांचे दिवस

बालवाडीत सव्वीस वर्षं शिकवणाऱ्या आमच्या ताई या पानावर पालकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.

माझा मुलगा चार वर्षांचा आहे. संक्रांतीपर्यंत त्याच्याकडून ओरिगामीचा पतंग करून घ्यावा म्हणून रोज व्हिडिओ लावून बसते. पण त्याचं टोकाला टोक जुळत नाही, मग तो चिडून कागद चुरगळतो. त्याचं वय लहान पडतंय का?
– एक आई, सिन्नर

वय अगदी योग्य आहे. व्हिडिओ तेवढा बंद करा. त्यातले हात भराभर चालतात आणि मुलाला एक घडी कळेपर्यंत तिसरी सुरू झालेली असते.

पहिले चार दिवस कागद काढूच नका. त्याच्या डब्यातला चौकोनी रुमाल घ्या. मारिया माँटेसरींच्या पद्धतीतही मुलं आधी कापडाच्या घड्या शिकतात, कारण कापड चुकीला माफ करतं, कागदावर मात्र चुकीची रेघ उठून राहते. माझ्या वर्गातला एक मुलगा डबा खाऊन झाला की वीस-वीस मिनिटं रुमालाच्या घड्याच घालत बसायचा. मी त्याला कधी उठवलं नाही. जानेवारीत कागद हातात दिला, तेव्हा त्याने आधी तळहात फिरवून तो टेबलावर सपाट केला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग १५ सेंटिमीटरचा चौकोनी घोटीव कागद घ्या. रंगीत बाजू खाली ठेवा. एका कोपऱ्यावर पेन्सिलीने चिमणी काढा, समोरच्या कोपऱ्यावर घरटं, आणि त्याला म्हणा, "चिमणी घरट्यात झोपव." ती घरट्यावर नीट बसली की एका हाताने ‘धर’, दुसऱ्या हाताने ‘दाब’. दाबायचं ते मधून कडेकडे, आणि शेवटी अंगठ्याच्या नखाने इस्त्री. बहुतेक मुलं इथेच फसतात: दाबायच्या नादात धरलेला हात सुटतो आणि टोक घसरतं. म्हणून सुरुवातीला धरायचं काम तुम्ही करा, दाबायचं त्याला द्या. दोन दिवसांनी अदलाबदल.

घडी उघडली की मधोमध एक रस्ता दिसतो. त्या रस्त्याच्या एका टोकापासून निघणाऱ्या दोन्ही कडा आत आणून रस्त्याला टेकवायच्या. झाला पतंग! एकूण तीन घड्या. मागे जुन्या वहीच्या पट्ट्यांचं शेपूट लावा, दोरा बांधा आणि त्याला अंगणात पळू द्या.

हे सगळं थंडीतच करा, असं मी आवर्जून सांगते. पावसाळ्यात कागद पापडासारखा सादळतो, घडी धरत नाही. आता आपल्याकडची हवा कोरडी आहे, कागद कुरकुरीत आहे, नख फिरवलं की घडीचा आवाज येतो. त्या आवाजाची मुलांना फार गंमत वाटते.

आणि एक विनंती. त्याचा पतंग वाकडा झाला, तर तो झोपल्यावर सरळ करून ठेवू नका. सकाळी त्याला बरोबर कळतं.

मी सध्या टोरांटोला मुलीकडे आहे. नातू साडेचार वर्षांचा आहे. इथे सगळ्यांच्या खिडक्यांवर बर्फाची कागदी फुलं लावलेली दिसतात. आम्ही केली तर कधी चार पाकळ्या येतात, कधी आठ. खऱ्या बर्फाला सहा असतात ना?
– एक आजी

हो, सहाच. बर्फात पाण्याचे कण षटकोनात रचले जातात, म्हणून त्याचं फूल सहा हातांचं होतं. तुमची चूक एवढीच की तुम्ही कागद दर वेळी अर्धा करत गेलात. अर्ध्याचं अर्धं करत गेलं की चार किंवा आठच येणार.

ताटली ठेवून गोल कापा. अर्धा करा. आता या अर्धगोलाचे तीन सारखे भाग करायचे, आइस्क्रीमच्या कोनासारखे, एक डावीकडून आत, एक उजवीकडून त्याच्यावर. मग तो कोन पुन्हा एकदा उभा अर्धा करा. कागदाचे बारा पदर झाले! जाड कागद असेल तर इतके पदर नातवाच्या बोथट कात्रीला कापणार नाहीत, म्हणून पातळ टिश्यू पेपर घ्या, आपल्या पतंगी कागदासारखा. घड्या तुम्ही घाला, कात्री त्याच्या हातात द्या. टोक मात्र त्याला पूर्ण कापू देऊ नका, नाहीतर मध्ये मोठं भोक पडतं.

तुमच्या लहानपणी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर वर्तमानपत्र घालून त्याची कड नक्षीदार कातरायचे, आठवतं? तेच कसब आहे हे. नातवाला तीही एक कड कातरून दाखवा. उघडताना होणारं नवल दोन्हीकडे सारखंच.

धाकट्याचं पहिलं बोरन्हाण आहे. पाच वर्षांच्या ताईला त्याच्यासाठी स्वतः मुकुट करायचाय. हलव्याचे दागिने तिला जमतील का?
– एक आई, चिपळूण

हलवा ओवायचं काम तिच्यासाठी बारीक आहे. शिवाय बाळ तो ओढून तोंडात घालतं आणि घशात अडकायची भीती असते. त्याऐवजी पांढऱ्या टिश्यू पेपरचे तुकडे तिला चिमटीत वळायला द्या, बोराएवढ्या गोळ्या. लांबून थेट हलवाच वाटतो. काळ्या कार्डशीटच्या पट्टीवर त्या चिकटवा, संक्रांतीच्या साडीसारखं काळ्यावर पांढरं फार उठून दिसतं.

वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४६ सेंटिमीटर असतो, तरी ताईलाच दोरा घेऊन मोजू द्या. चिकटवायला मैद्याची खळ करा आणि रात्रभर वाळू द्या. पट्टीची टोकं चिकटवू नका, नाडीची सैल गाठ मारा, म्हणजे बाळाने हिसका दिला तर सुटेल. फोटो झाले की मुकुट उतरवून ठेवा, कारण गोळ्याही शेवटी तोंडात जाण्याएवढ्याच आहेत. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, तेव्हा संक्रांतीच्या दिवशीच हवं म्हणून तिच्या मागे लागू नका. रोज दहा गोळ्या झाल्या तरी चालतील.