चहा गाळता न येणारी मुलगी

"मॅडम, हिला सव्विसावं लागलं. अजून धड चहा गाळता येत नाही. उद्या सासरी माझाच उद्धार होणार." आई बोलत होत्या आणि लेक शेजारी बसून पर्समधलं सगळं माझ्या टेबलावर ओतून मोबाईल शोधत होती. मोबाईल तिच्या मांडीवर होता.

मूल हुशार आहे, पण सांडतं, पाडतं, विसरतं, दाराच्या चौकटीला धडकतं. हा आळस की आजार? हा प्रश्न घेऊन पालक नेहमी येतात. या मुलीची गोष्ट तिच्या परवानगीनं, ओळख पुसून सांगते.

ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. इतरांच्या नजरेतून निसटलेल्या चुका पकडते, त्यामुळे ऑफिसात मान आहे. घरी मात्र धांदरट, गबाळी. बुटाची नाडी जमायला पाचवी उजाडली. लेझीमच्या रांगेतून बाईंनी तिला बाहेर काढलं होतं. पुण्यात राहून गाडी येत नाही, हे तर तिनं गुन्हा कबूल केल्यासारखं सांगितलं.

पहिल्याच भेटीत चूक माझी झाली. रोजचं वेळापत्रक लिहायला मी तिला छानशी डायरी दिली. पुढच्या वेळी ती रिकाम्या हातानं आली. "हरवली, मॅडम. अशा सात डायऱ्या आहेत माझ्याकडे. म्हणजे होत्या." नीटनेटक्या माणसांनी स्वतःसाठी शोधलेला उपाय मी तिच्या गळ्यात मारला होता.

मग तिला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवलं. लहानपणापासूनची हकीकत आणि हालचालींच्या चाचण्या यांवरून निदान झालं, डिस्प्रॅक्सिया. वैद्यकीय नाव डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. साधारण 5 ते 6 टक्के मुलांत हे आढळतं. बुद्धीशी त्याचा संबंध नाही, हातापायांत बळही असतं. पण हालचालीची आखणी करून ती अंगवळणी पाडणं मेंदूला जड जातं. जोडीला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता, उतावीळपणा, असणंही नेहमीचं. हिच्या पसाऱ्यात त्याचाही वाटा निघाला. डिस्प्रॅक्सियावर गोळी नाही आणि वय वाढलं की तो जाईलच असंही नाही. (एक मात्र लक्षात ठेवा. आधी व्यवस्थित असलेलं माणूस अचानक धडपडू लागलं, तर माझ्याकडे येऊ नका, आधी न्यूरॉलॉजिस्ट गाठा.)

आता चहा. एकदा तिला आमच्याच पँट्रीत करायला लावला. उजव्या हातात सांडशीनं धरलेलं पातेलं, डाव्या हातात गाळणी, खाली इवलासा कप. पातेलं कलायला लागलं की तिचं लक्ष तिकडे, तेवढ्यात गाळणी हलते. गाळणीकडे बघावं तर धार कपाबाहेर. तुमचा-माझा डावा हात न सांगता आपलं काम करतो. तिला दोन्ही हातांना प्रत्येक वेळी हुकूम सोडावा लागतो. त्यात घरी मागून आई सूचना देत असणार.

"यातलं काय कमी करता येईल?" मी विचारलं. उत्तर मी देणार नव्हते. अशा वेळी कृती तिनं निवडायची, बेत तिनं ठरवायचा, करून बघायचं आणि कुठे फसलं तेही तिनंच शोधायचं, ही पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. ती बराच वेळ ओट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ओगराळं." कप ताटात ठेवायचे, गाळणी कपावरच टेकवायची, पातेलं शेगडीवरून उचलायचंच नाही. ओगराळ्यानं चहा घालायचा. सांडला तर ताटात.

आईंना ते पटेना. "चहा काय आमटीसारखा वाढतात?"

बाकीचे उपायही याच जातीचे. डोळ्याआड झालेली वस्तू तिच्या लेखी संपते, म्हणून कपाटाचं दार काढून टाकलं. डबे पारदर्शक. किल्लीला दाराजवळच खिळा. तयार व्हायला दहा मिनिटं लागतात असा तिचा समज होता. घड्याळ लावून मोजली, सव्वीस निघाली. मग गजर त्याप्रमाणे लावला. दुचाकीचा नाद मी सोडायला लावला. बस आहे, मेट्रो आहे. दरवेळी स्वतःला जिंकायलाच पाहिजे असं थोडंच आहे?

शाळकरी मुलांच्या पालकांसाठी एक सांगते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो. अक्षर गिचमिड म्हणून पोराला दहा पानं शुद्धलेखन घालण्याआधी तेवढी चौकशी करा.

चार महिन्यांनी आईंचा फोन आला, भलत्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाल्या, "ते ओगराळं आता चहाचंच झालंय हो. आमटीला मी दुसरं आणलं."