एकटा स्ट्रायकर ठेवून काउंटर खेळायचाय? आधी एवढं कर

भावा, पोरांना घेऊन फुटबॉलमध्ये ४-५-१ (चार डिफेंडर, पाच मिडफिल्डर, एक स्ट्रायकर) खेळवायचं ठरवलंयस, भारी. पण काउंटर, म्हणजे समोरच्यांकडनं बॉल मिळाला की लगेच उलटा हल्ला, तो काही सगळे मागं उभे करून बॉल लांब हाणणं नव्हे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर बघतोयस की, बॉल हवेत, स्ट्रायकर एकटा आणि दोन स्टॉपर (मधले डिफेंडर) त्याच्या अंगावर, मग बॉल लगेच परत आपल्याच गोलकडं.

२०१० ची चॅम्पियन्स लीग फायनल काढून बघ, इटलीच्या इंटर टीमचा पहिला गोल. कीपरनं लांब किक मारली, स्ट्रायकर मिलितोनं हेडनं मिडफिल्डर स्नायडरला दिली, तिथं न थांबता पळाला, परत पास घेतला आणि गोल. लांब किक चालली कारण स्नायडर जवळ होता! तर:

१) स्ट्रायकरच्या जवळ एक मिडफिल्डर पायजेच. बॉल पुढं सुटला की त्यानं आधी पळायचं, मग विंगवाल्यांनी.

२) मधली आणि मागची लाइन चिकटून ठेव. मध्ये मोकळी जागा दिलीस की खेळ संपला.

३) बॉल मिळाला की पहिली नजर पुढं. पास नसंल तर गुमान बॉल ठेवायचा, उगंच हाणायचा नाही.

नवीन टीमची हमखास चूक म्हणजे स्ट्रायकर एकटाच चौघा डिफेंडरांमागं पळत सुटतो आणि हाफटाइमपर्यंत त्याचा दम जातो, मग काउंटरला पळणार कोण? त्याला सेंटर लाइनजवळ थांबव, स्टॉपरच्या पाठीमागच्या जागेवर डोळा ठेवून.

प्रेसिंग (समोरच्याकडं बॉल असताना त्याच्यावर धावून जाणं) कधी करायचं ते आत्ता सोड, दोन-चार मॅच खेळा, मग बोलू.