प्रोब मध्येच फसला, तर आधी घेतलेले कसे सोडावे?

आपला प्रश्न असा आहे की, आय-टू-सी (चिपा जोडणारी दोन तारांची बस) तापमान सेन्सरच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये प्रोबची, म्हणजे उपकरण सापडल्यावर ते चालू करणाऱ्या फंक्शनची, शेवटची पायरी फसली तर आधी घेतलेल्या बफर, वीजपुरवठा आणि इंटरप्टचे (उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्याच्या संकेताचे) काय करावे, आणि कॉलेजात निषिद्ध ठरवलेला 'गोटू' (कोडमध्ये थेट एखाद्या लेबलवर उडी मारणारी आज्ञा) येथे चालतो का. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी अशाच बोर्डांचे ड्रायव्हर लिहितो, म्हणून सविस्तर लिहितो.

गोटू नुसता चालत नाही, तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कोडिंग-शैलीच्या अधिकृत दस्तऐवजातच तो या कामासाठी सुचवलेला आहे. साधा प्रोग्रॅम बंद पडला की त्याची मेमरी कर्नल परत घेतो. कर्नलच्या मागे मात्र आवराआवर करणारे कोणी नसते, आणि प्रोबने सोडलेली गळती मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत तशीच राहते. म्हणून ज्या क्रमाने घेतले त्याच्या नेमक्या उलट क्रमाने सोडावे. लेबलला 'एरर १', 'एरर २' अशी नावे न देता तेथे काय सोडले जाते ते सांगणारी नावे द्यावीत, कारण मध्ये एखादी पायरी वाढली की आकड्यांचा हिशोब चुकतो.

२००७ मध्ये २.६.२१ आवृत्तीत 'डेव्हएम' कुळातील फंक्शने आली आणि बरेचसे गोटू अनावश्यक झाले: प्रोब फसला किंवा ड्रायव्हर सुटा केला की कर्नल स्वतःच उलट क्रमाने सारे सोडतो. खरा धोका आहे तो सरमिसळीत. समजा, बफर आपण केमॅलॉकने (ज्याची मेमरी आपणच सोडायची असते त्या साध्या फंक्शनने) घेतला आणि इंटरप्ट मात्र डेव्हएमने. ड्रायव्हर काढताना आधी आपले रिमूव्ह फंक्शन चालते आणि बफर मोकळा करते. इंटरप्ट त्यानंतर सुटतो. त्या मधल्या क्षणी सेन्सरने इंटरप्ट दिला, तर हँडलर, म्हणजे इंटरप्ट येताच चालणारे आपले फंक्शन, मोकळ्या केलेल्या मेमरीत लिहितो. असा दोष चाचणीच्या टेबलावर सहसा दिसत नाही. तेव्हा एक तर सर्व डेव्हएमकडे द्यावे, नाहीतर इंटरप्टही हाताने घेऊन रिमूव्हमध्ये सर्वांत आधी सोडावा. वीजपुरवठा बंद करण्यासारखे काम 'डेव्हएम-अ‍ॅड-अ‍ॅक्शन-ऑर-रिसेट'ने त्याच साखळीत ओवता येते.

तपासणीतही एक खोच आहे. मेमरी घेणारा डेव्हएम-केझॅलॉक अपयशी झाल्यास नल (रिकामा पॉइंटर) देतो, पण रेग्युलेटर (वीजपुरवठा सांभाळणारा भाग) मागणारे फंक्शन एरर-कोड भरलेला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देते. तेथे नल तपासल्यास चूक पकडलीच जात नाही, 'इझ-एरर' वापरावे लागते.

आणि मिळालेला कोड बदलू नये. रेग्युलेटरचा ड्रायव्हर अजून लोड झालेला नसेल तर वजा ५१७, म्हणजे 'प्रोब-डिफर', मिळतो आणि कर्नल नंतर पुन्हा प्रयत्न करतो. त्याऐवजी आपण वजा २२, म्हणजे 'चुकीचे आर्ग्युमेंट', परतवला, तर तो प्रयत्न होत नाही आणि सेन्सर बंदच राहतो. संदेशासाठी 'डेव्ह-एरर-प्रोब' वापरावे, म्हणजे अशा तात्पुरत्या अपयशाने लॉग भरत नाही.

शेवटी केएसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे कर्नलमधले साधन) सुरू करून बांधलेल्या कर्नलवर, सेन्सर इंटरप्ट देत असतानाच, सिसएफएसमधून (कर्नलची नियंत्रणे फाइलींच्या रूपात देणाऱ्या यंत्रणेतून) ड्रायव्हर वारंवार अनबाइंड आणि बाइंड, म्हणजे उपकरणापासून सुटा आणि पुन्हा जोडून, करून पाहावा.