दोन केट्या आणि ५.४ चा सीजीपीए

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शाखेच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली. सीजीपीए ५.४, एम-थ्री (गणित-३, ४ क्रेडिट) आणि सिग्नल्स (३ क्रेडिट) राहिलेत, म्हणजे दोन केट्या. कॅम्पस प्लेसमेंटला ६.५ लागतो म्हणतात. आता शक्य आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी हिशोब करू. सीजीपीए म्हणजे क्रेडिटच्या वजनाने काढलेली ग्रेड पॉइंटची सरासरी. प्रत्येक सेमिस्टर २० क्रेडिटची धरली, तर तुमची ८० क्रेडिट झाली आणि गुण (क्रेडिट × पॉइंट) ४३२. नापास विषयाचे क्रेडिट बऱ्याच ठिकाणी भागाकारात धरतात, गुण मात्र शून्य. तुमच्या गुणपत्रिकेत तसंच आहे ना, ते बघा. असेल तर दोन्ही विषय नुसते ६ पॉइंटने सुटले तरी ४२ गुण वाढतात आणि सीजीपीए ५.९ च्या वर जातो. मग डिग्री संपताना ६.५ व्हायला उरलेल्या चार सेमिस्टरना सरासरी ७.१ पुरते. केट्या तशाच ठेवल्या तर ७.६ लागेल. शिवाय बऱ्याच कंपन्या लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) असलेल्यांना बसूच देत नाहीत. म्हणून पुढच्या सेमिस्टरच्या नादात केट्या मागे ढकलू नका.

दोन्हींत एम-थ्री आधी. सिग्नल्सचा मोठा भाग लाप्लास, फूरिए आणि झेड ट्रान्सफॉर्मवरच उभा आहे, आणि ते एम-थ्रीत येतात.

उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते, ती चुकवू नका. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे लिहा : आलंच नाही, वेळ संपला, की हात चुकला. रिव्हॅल्युएशनचं (पेपर पुन्हा तपासून घेण्याचं) नंतर ठरवा. न तपासलेलं उत्तर किंवा बेरजेची चूक दिसली तरच पैसे भरा, नुसत्या आशेवर नको.

लाप्लासमध्ये मुलं बहुधा व्यस्त रूपात (इन्व्हर्स) अडकतात. साइन २टी चं रूप २/(एस² + ४). प्रश्नात अंशात २ ऐवजी १ असेल, तर उत्तर अर्धा साइन २टी. तो अर्धा लिहायचा राहतो आणि पुढची सगळी पायरी वाहून जाते. आंशिक अपूर्णांक (पार्शल फ्रॅक्शन) कच्चे असतील तर आधी बारावीचं पुस्तक काढा, त्यात लाज कसली?

मागच्या पाच-सहा परीक्षांचे पेपर युनिटवार लावा. रोज दीड तास, नोट्सची वही बंद ठेवून चार गणितं पूर्ण सोडवा. सोडवलेलं वाचणं हा अभ्यास नव्हे. परीक्षेत हात चालत नाही तो त्यामुळेच. शेवटच्या दोन आठवड्यांत घड्याळ लावून किमान तीन पूर्ण पेपर द्या.

पेपरात अर्धवट गणितही सोडून देऊ नका, पायऱ्यांना गुण असतात.